शिलाईचे तीन लाख वीस हजार

प्रश्न : ताई, मी विट्यात राहते. वय ३९. घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. हे यंत्रमागावर कामाला आहेत. पगार १८ हजार, पण सूत महागलं किंवा माल उठला नाही की माग बंद पडतात आणि पंधरा-पंधरा दिवस घरी बसावं लागतं. घरखर्च महिन्याला वीसेक हजार होतो. मुलगा नववीत आहे, मुलगी चौथीत. मार्चमध्ये तिला दहा पूर्ण होतील.

शिलाईचे आणि दोन भिश्यांचे मिळून ३ लाख २० हजार साठलेत. बँकेत आमच्या दोघांच्या नावाने खातं आहे (ह्यांचं नाव पहिलं), त्यात पडून आहेत. आता ते घरात सगळ्यांना दिसायला लागलेत. माझे मावसदीर एका पतसंस्थेचे संचालक आहेत. ते म्हणतात, आमच्याकडे ठेवा, साडेदहा टक्के देतो, बाहेर कुणाला सांगू नका. बँकेतली मुलगी म्हणते, वर्षाला ५० हजार सात वर्षं भरा, पंधराव्या वर्षी सहा लाख मिळतील, एफडीसारखंच आहे आणि वर विमा. बहीण म्हणते सोनं घे. ह्यांच्या मित्राचा मोबाइलवर शेअरचा ग्रुप आहे, तिथे रोज नफ्याचे फोटो येतात. आणि एकाने गावाबाहेर एक गुंठा दाखवलाय.

मला यातलं काही कळत नाही. सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी माझ्या पाटल्या बँकेत ठेवून ६० हजार काढले होते, त्या अजून तिथेच आहेत, त्यामुळे सोन्याचं नाव काढलं की मला कसंतरी होतं. खरं तर मला पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं, दुकानदार १६ हजार सांगतो. सध्या पिको बाहेर देते, महिन्याला हजारभर त्यातच जातात. पण हे म्हणतात, साठवलेल्या पैशाला हात लावायचा नाही. तर हे पैसे कुठे गुंतवू?

— एक वाचक, विटा

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात पतसंस्था, पॉलिसी, सोनं, शेअर आणि गुंठा हे सगळं आधी आलंय आणि पाटल्या, पिकोचं मशीन शेवटी, जाता जाता. मी उत्तर शेवटून सुरू करते. कारण तुमच्या पैशांची पहिली दोन कामं तिथेच आहेत.

पाटल्या सोडवा. दर तुम्ही लिहिला नाही, पण दागिन्यांवरचं साधं कर्ज बँकेत बहुधा नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास पडतं. दहा धरू. ६० हजारांवर वर्षाला सहा हजार रुपये व्याज चढतंय आणि त्याच बँकेत तुमचे तीन लाख अडीच टक्क्यांनी पडून आहेत. त्यातल्या ६० हजारांचं व्याज होतं दीड हजार. म्हणजे बँक तुमचेच पैसे तुम्हाला वापरायला देते आणि वर्षाला साडेचार हजार कापून घेते. तुम्हाला दहा टक्के देणारी सुरक्षित जागा हवी होती ना? हे कर्ज फेडणं हीच ती जागा. कर्जाचं व्याज वाचलं की ते पक्कं वाचलं, त्यात बाजाराचा काही संबंध नाही.

घरात कर्जाची पावती असेल ती काढून तारीख बघा. अशी कर्जं बहुधा वर्षाची असतात. व्याज भरून नवी करून घेतली नाहीत तर आधी नोटीस येते आणि मग लिलाव होतो. सगळं मिळून ६५ हजारांच्या आसपास लागतील असं धरते. पाटल्या परत घेताना काउंटरवरच वजन करून घ्या आणि पावतीवरच्या वजनाशी जुळवा. यात संकोच करू नका, वजन मागणाऱ्या बायकांची बँकेला सवय असते.

आता मशीन. पिकोसाठी महिन्याला हजार बाहेर जातात, म्हणजे वर्षाला बारा. दोरा, वीज, तुमचा वेळ असं सगळं वजा करून नऊ हजार वाचतात असं समजा. सोळा हजारांचं मशीन दोन वर्षांच्या आत फिटतं. त्यानंतर ते वर्षाला नऊ हजार देत राहतं आणि आळीतल्या दुसऱ्या बायका तुमच्याकडे पिको करायला आल्या तर ते वेगळंच. मी ज्या ज्या योजनांबद्दल पुढे लिहिणार आहे त्यातली एकही याच्या जवळपास जात नाही. तुमचे यजमान म्हणतात साठवलेल्याला हात लावायचा नाही, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण साडी घेणं आणि मशीन घेणं यात फरक आहे. त्यांच्या कारखान्याचा मालक नवा माग घेतो तेव्हा त्याला कुणी उधळ्या म्हणत नाही.

हे दोन खर्च गेले की उरतात २ लाख ३९ हजार. त्यांच्याकडे वळण्याआधी एक हिशेब मनात पक्का करून ठेवा, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. तुमच्या पूर्ण रकमेवर एक टक्का जादा मिळाला तर वर्षाला ३,२०० रुपये होतात, म्हणजे महिन्याला २६७. एका अस्तराच्या ब्लाउजची शिलाई. साडेसहाऐवजी साडेसात मिळावेत म्हणून रात्रीची झोप घालवायची गरज नाही. तीस लाखवाल्याला एक टक्का मोठा असतो, तुम्हाला नाही. तुम्हाला मोठी आहे ती मुद्दल. ती एकदा बुडाली तर तेवढी परत शिवून काढायला किती वर्षं लागतील ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून पुढच्या प्रत्येक माणसाला तोंडावर नाही तरी मनात विचारायचं : हा मला महिन्याला एक ब्लाउज देतोय, त्याच्या बदल्यात माझं काय पणाला लागतंय?

मावसदिरांपासून सुरुवात करते, कारण तेच सगळ्यात अवघड. पॉलिसीवालीला नाही म्हणता येतं, दिराला नाही म्हणणं कठीण.

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. फलक सारखा दिसतो, काउंटर आणि पासबुकही सारखं असतं, पण पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसते. तुमच्यासाठी यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट एवढीच की बँकेतल्या ठेवीला विमा असतो आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासह ५ लाखांपर्यंत रक्कम ठेव विमा महामंडळ देतं. फेब्रुवारी २०२० च्या आधी ही मर्यादा फक्त १ लाख होती. सहकारी बँकाही यात येतात. पतसंस्था येत नाही, मग ती कितीही जुनी असो आणि तिच्या इमारतीला कितीही काचा असोत.

विमा आहे म्हणून सहकारी बँकेत निर्धास्त राहावं असंही नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला माणशी फक्त हजार रुपये काढता येत होते. मुंबईत आणि आसपास लोक औषधपाण्याला पैसे नाहीत म्हणून शाखांबाहेर उभे होते. त्यानंतर २०२१ मध्ये कायदा बदलला. आता बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत ठेवीदाराला मिळावी अशी तरतूद आहे. म्हणजे बँकेच्या बाबतीत भीती आहे ती काही महिने पैसे अडकण्याची. पतसंस्थेत ती नुसती अडकण्याची नाही.

साडेदहा टक्क्यांचं गणितही एकदा बघून ठेवा. तुम्हाला साडेदहा द्यायचे, शाखेचं भाडं भरायचं, पगार करायचे, तर पतसंस्थेला पुढे चौदा-पंधरा टक्क्यांनी कर्ज द्यावं लागतं. बँक त्याहून बऱ्याच कमी दराने कर्ज देत असताना चौदा-पंधराने कोण घेतो? बहुतेक वेळा ज्याला बँकेने दारातून परत पाठवलंय तो. सगळ्याच पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही. तालुक्याच्या बाजारपेठेतला भाजीवाला, चहावाला, छोटा दुकानदार यांना उभं करणाऱ्या चांगल्या पतसंस्था या राज्यात पुष्कळ आहेत. पण चांगली कोणती ते संचालकाच्या तोंडून कळत नाही. वार्षिक अहवालात लेखापरीक्षणाचा वर्ग (हिशेब तपासणीत मिळालेली श्रेणी) आणि थकबाकी छापलेली असते, ते बघावं. त्याहून सोपं म्हणजे ज्याची ठेव नुकतीच तिथे पिकली अशा माणसाला गाठून विचारायचं, पैसे मागितल्या दिवशी मिळाले की ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणाले. आणि ‘बाहेर कुणाला सांगू नका’ हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही. सरळ व्याजदर फलकावर लावतात.

मग दिरांना काय सांगायचं? वाद घालू नका, पतसंस्थेबद्दल शंका तर मुळीच काढू नका. तो त्यांच्या अब्रूचा विषय होतो आणि मग दिवाळीपर्यंत पुरतो. आधी पोस्टात आणि बँकेत पैसे घालून या, मग सांगा : “भाऊजी, मुलांच्या शिक्षणासाठी पैसे पोस्टात अडकवून टाकले, आता मुदत संपेपर्यंत हात लागायचा नाही.” हे खरंच असेल, त्यामुळे बोलताना चाचरायला होणार नाही. तरीही फार मन मोडतंय असं वाटलं तर पाच हजारांचं आवर्त खातं काढा आणि ते नातं सांभाळायचा खर्च म्हणून धरा.

बँकेतल्या मुलीची योजना जरा कागदावर मांडू. वर्षाला ५० हजार, सात वर्षं. म्हणजे साडेतीन लाख भरायचे. तुमच्याकडे आज आहेत ३ लाख २०. पहिली गोष्ट, सातवा हप्ता येईल तेव्हा तो कुठून येणार हे तिने विचारलं का? मागाला माल नसलेल्या वर्षी ५० हजारांचा हप्ता कसा भरणार? मध्येच सोडलं तर भरलेले सगळे पैसे परत येत नाहीत, सुरुवातीच्या वर्षांत सोडलं तर मोठा घास जातो.

दुसरी गोष्ट, सहा लाख ऐकायला मोठे वाटतात. हेच हप्ते, याच तारखांना भरून पंधराव्या वर्षी सहा लाख मिळतात तेव्हा व्याजाचा दर साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. तेच ५० हजार सात वर्षं पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात भरले, पुढे वर्षाला पाचशे भरून खातं नुसतं चालू ठेवलं आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर पंधरा वर्षांनी आठ लाखांच्या आसपास हातात येतात. एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर हाच आहे. म्हणजे ‘वर विमा’ म्हणतात त्या विम्याची किंमत दोन लाख रुपये आहे आणि ती फुकट म्हणून सांगितली जाते.

त्या मुलीवर रागावू नका. तिला महिन्याचं टार्गेट असतं, आणि तुमच्या खात्यातले तीन लाख तिच्या स्क्रीनवर दिसतात म्हणूनच तिने तुम्हाला खुर्ची दिली. पुन्हा गाठ पडली तर एवढंच विचारा : “यावर विमा कंपनीचं नाव आहे का?” असेल तर ती ठेव नव्हे, एफडीसारखी तर नव्हेच. चुकून सही झालीच असेल (पत्रात तसं नाही, पण ‘फक्त फॉर्म भरून ठेवू’ म्हणून सह्या घेतात), तर पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

विमा मात्र हवा, आणि तो यजमानांचा. त्याच बँकेत पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचा फॉर्म मागा : वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास दोन लाख, वयाच्या पन्नाशीच्या आत नाव घालता येतं. सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांची, अपघाताला दोन लाख. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाकडे ही दुसरी तर हवीच. हे दोन्ही फॉर्म तुमचेही भरा. या योजनांत कमिशन नाहीच म्हणावं इतकं थोडं, त्यामुळे स्वतःहून कुणी सुचवत नाही, मागावे लागतात.

सोन्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? गलाईवाल्यांच्या तालुक्यात राहता. खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर सोनं गाळायला बसलेली आहेत, भाव तुमच्याकडे माझ्याआधी कळतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की गेल्या काही वर्षांतली चढण बघून बहीण बोलते आहे. २०१२ च्या सुमारास १० ग्रॅमचा भाव ३० हजारांच्या आसपास होता आणि २०१८ मध्येही तो साधारण तिथेच होता. मधली सहा वर्षं सोनं घेऊन बसलेल्या माणसाला व्याजही मिळालं नाही आणि वाढही. दागिना घेतला तर मजुरी जाते, वर सोन्यावर तीन टक्के जीएसटी, आणि मोडताना त्यातलं काहीच परत येत नाही. तुमच्या पाटल्या घरी आल्या की तुमचं सोन्यातलं खातं भरलेलं आहे. आणखी नको.

शेअरच्या ग्रुपबद्दल फार लिहीत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांचा हिशेब काढला. फ्युचर-ऑप्शन, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. त्या ९३ जणांचे फोटो ग्रुपवर येत नाहीत. यजमानांना तो ग्रुप सोडायला लावा, निदान तुमच्या खात्याचा ओटीपी त्यांच्या मित्राला कधीही सांगायचा नाही एवढं तरी कबूल करून घ्या. गुंठ्याचं तर नावच काढू नका. बिगरशेती न झालेला एक गुंठा सातबाऱ्यावर तुमच्या नावे चढेपर्यंत मुलीचं लग्न होईल.

आता उरलेले २ लाख ३९ हजार.

यातले ७५ हजार ‘माग बंद’ म्हणून बाजूला. तुमचा घरखर्च वीस हजार, शिलाईचं थोडंफार चालू राहील असं धरलं तर चार महिने निघतात. हे पैसे बँकेत मुदत ठेवीतच ठेवायचे, पण एका पावतीत नाही. २५ हजारांच्या तीन पावत्या करा, प्रत्येकी एक वर्षाची. एकच पावती असली की दहा हजारांची गरज लागली तरी ७५ हजारांची ठेव मोडते आणि सगळ्यावरचं व्याज कापलं जातं. तीन असल्या की एकच मोडायची. काउंटरवरचा माणूस ‘कशाला तीन, एकच करा’ म्हणेल, त्याला तिनदा टाइप करायचा कंटाळा असतो. तीनच सांगा.

मुलाचे एक लाख. तो नववीत आहे, म्हणजे दीडेक वर्षांत अकरावी किंवा डिप्लोमाचा प्रवेश येईल आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पुढचा मोठा खर्च. चाळीस हजारांची बँकेत अशी ठेव करा की ती त्याच्या दहावीच्या निकालाच्या महिन्यात संपेल. वर्षाच्याच पटीत ठेव करावी लागते असं नाही, दिवस मोजून मुदत घालता येते. साठ हजार पोस्टात, तीन वर्षांच्या मुदत ठेवीत. मी लिहितेय तेव्हा तिथे ७.१ टक्के आहे. पोस्टाच्या योजनांचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण एकदा ठेव केली की तिचा दर मुदतभर तोच राहतो. इतक्या जवळच्या खर्चाचे पैसे शेअर बाजारात घालायचे नाहीत, मग कुणी कितीही सांगो.

राहिले ६४ हजार. इथे तुमच्या पत्रातली एक तारीख कामाची आहे, ती तुम्ही सहज लिहून गेलात : मुलीला मार्चमध्ये दहा पूर्ण होतील. सुकन्या समृद्धीचं खातं मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच उघडता येतं. एकदा उघडलं की पंधरा वर्षं भरता येतं आणि एकवीस वर्षांनी संपतं. अठरा पूर्ण झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हापासून, शिक्षणासाठी शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत काढता येतं. जानेवारी २०२४ पासून दर ८.२ टक्के आहे, सामान्य माणसाला पोस्टात याहून जास्त दर कुठे नाही. वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी खातं जिवंत राहतं, म्हणजे एखाद्या कोरड्या वर्षी तेवढेच भरले तरी दंड-बिंड काही नाही. पॉलिसीच्या हप्त्याशी हे ताडून बघा. यात ३४ हजार घाला.

शेवटचे ३० हजार म्युच्युअल फंडात, निफ्टीच्या इंडेक्स फंडात. हे मी थोडं बिचकत सांगते, कारण तुम्हाला यातलं काही माहीत नाही असं तुम्हीच लिहिलंय. पण तुमचं वय ३९ आहे, पेन्शन कुणालाच नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनंतरच्या पैशांतला एक लहान तुकडा महागाईच्या पुढे धावायला हवा. इंडेक्स फंड म्हणजे कुणा हुशार माणसाच्या निवडीवर न चालता देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांत जसेच्या तसे पैसे घालणारा फंड. एकदम ३० हजार टाकू नका, महिन्याला अडीच हजार असे वर्षभर जाऊ द्या. ‘डायरेक्ट’ प्लॅन घ्या, म्हणजे मधल्या माणसाचं कमिशन दरवर्षी कापलं जात नाही.

आणि आधीच सांगून ठेवते. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक) ४२ हजारांच्या आसपास होता, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली गेला. तुमचे ३० हजार तेव्हा असते तर दोन महिन्यांत मोबाइलवर अठरा-साडेअठरा हजार दिसले असते. त्याच नोव्हेंबरात बाजार परत ४२ हजारांवर आला, पण मधल्या काळात घाबरून ज्यांनी काढले त्यांचे ते गेलेच. अठरा हजारांचा आकडा बघून तुमचा हात थांबणार असेल तर घाला. पोटात गोळा येणार असेल तर हे ३० हजारही पीपीएफमध्ये टाका, मी तुम्हाला अजिबात भित्री म्हणणार नाही.

पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी लिहिते. पाटल्यांचं व्याज थांबलं, पिकोचे हजार वाचले, भिशी संपली. म्हणजे महिन्याला दोन-तीन हजार मोकळे होतील. आज साठलेल्या तीन लाखांपेक्षा हे तीन हजार मोठे आहेत. महिन्याला तीन हजार सात टक्क्यांनी दहा वर्षं गेले तर पाच लाखांच्या वर होतात. पुढची भिशी लावायची असेल तर जरूर लावा, ओळखीच्या बायकांची, कुणी पळून जाणार नाही अशी. पण एकच. बाकीचं पोस्टात आवर्त ठेवीत. भिशीत गप्पा होतात, चहा होतो, त्याचं मोल वेगळं, पण व्याज नसतं.

खात्याबद्दलही बोलायला हवं. ‘ह्यांचं नाव पहिलं’ असं तुम्ही कंसात लिहिलंय, ते मला कंसाबाहेर काढायचंय. पैसे तुम्ही शिवून मिळवलेत. दोघांच्या खात्याचा ओटीपी सहसा ज्याचा मोबाइल नंबर जोडलेला असतो त्याच्याकडे जातो, आणि तुमच्या घरात सध्या त्या मोबाइलमध्ये शेअरचा ग्रुप आहे. त्याच शाखेत एकट्या तुमच्या नावाने बचत खातं उघडा, तुमचा नंबर जोडा, वर सांगितलेल्या पावत्या त्या खात्यातून करा. नॉमिनी म्हणून यजमानांचं नाव घाला. यात त्यांच्यावर अविश्वास नाही हे त्यांना कसं सांगायचं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मशीनची गोष्ट काढाल त्याच संध्याकाळी ही काढू नका, एवढंच म्हणते.

व्याजावर टीडीएस, म्हणजे हातात पडायच्या आधीच कर कापतील म्हणून कुणी फॉर्म भरायची भीती घातली तर लक्ष देऊ नका, बँक तो वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर गेलं की कापते, तुमचं तेवढं होत नाही. पॅन मात्र सगळीकडे द्या.

सुरुवात सुकन्येपासून करा, कारण बाकी सगळं पुढच्या महिन्यात केलं तरी चालतं. पोस्टात जाताना मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार, पॅन आणि तुमचे फोटो न्या. दाखला काढायचा राहिला असेल तर तिचा जन्म झाला तिथल्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत याच आठवड्यात अर्ज करा. तिथला माणूस दोनदा परत पाठवेल, हे धरून चाला.